सर्व्हरचे संकेतांक : अर्थ व उपयोग

पीक विम्याचा अर्ज भरण्याची मुदत संपत आली म्हणजे सेवा केंद्रावर गर्दी होते, आणि कित्येकदा नेमक्या त्याच वेळी पडद्यावर अर्जाऐवजी ५०३ किंवा ५०४ असा आकडा उमटतो. तो पाहून एखादा शेतकरी, आपलेच कागद चुकले असे समजून घरी परततो. दुसरा तेच बटण पुनःपुन्हा दाबीत राहतो. दोघांचेही नुकसान होण्याचा संभव असतो. हा आकडा म्हणजे सर्व्हरने दिलेले उत्तर होय, व ते वाचता आल्यास पुढे काय करावयाचे हे बऱ्याच अंशी ठरविता येते.

सर्व्हर म्हणजे मागेल त्याला माहिती पुरविणारा, दूर ठिकाणी ठेवलेला संगणक. मोबाइलने वा संगणकाने त्याच्याशी ज्या ठराविक रीतीने बोलावयाचे, तिला एच.टी.टी.पी. म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी ती जिनिव्हानजीकच्या सर्न या संशोधन संस्थेत तयार केली. १९९१ मधील तिच्या पहिल्या रूपात संकेतांक नव्हते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या १.० या आवृत्तीत ते आढळतात.

संकेतांक तीन आकडी असतो व त्यातील पहिला आकडा सर्वांत महत्त्वाचा. १ ने आरंभ होणारे संकेतांक सामान्यतः दृष्टीस पडत नाहीत. २ म्हणजे मागणी पुरी झाली. ३ म्हणजे पान दुसऱ्या पत्त्यावर गेले. तेथे ब्राउझर बहुधा आपण होऊनच जातो. खरा विचार करावयाचा तो ४ आणि ५ यांचा.

आरंभी ४ असल्यास, मागणीत दोष आहे असे सर्व्हरचे म्हणणे असते. ४०४ आला तर त्या पत्त्यावर पान नाही. पत्ता टंकताना अक्षर चुकले काय, हे प्रथम पाहावे. ४०१ म्हणजे ओळख पटलेली नाही, सबब पुन्हा लॉगइन करावे. ४०३ म्हणजे मागणी समजली, परंतु परवानगी नाही. ४२९ हा उतावळ्यांसाठी आहे : थोड्या वेळात फार वेळा मागणी केली, आता थांबावे. (१९९८ च्या १ एप्रिल रोजी काही तज्ज्ञांनी ४१८ हा संकेतांक थट्टेने काढला, त्याचा अर्थ, 'मी चहाची किटली आहे'!)

आरंभी ५ असल्यास दोष सर्व्हरकडील असतो. अर्जदाराने कागद बदलून उपयोग नाही. ५०३ म्हणजे सर्व्हरवर भार फार आहे किंवा दुरुस्ती चालू आहे. काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

५०४ च्या बाबतीत मात्र विशेष सावधगिरी हवी. कचेरीतील खिडकीवरचा कारकून अर्ज आत पाठवितो आणि आतून वेळेत उत्तर न आल्यास तसे सांगून मोकळा होतो. आत अर्जाची नोंद झाली किंवा नाही, हे त्याला ठाऊक नसते. ५०४ चा प्रकार असाच आहे. अर्ज बुडाला असेही नव्हे व पोहोचला असेही नव्हे. म्हणून दुसऱ्यांदा पैसे भरण्यापूर्वी भरलेल्या अर्जांची यादी व बँकेचा संदेश पाहावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने अशा वेळी पडद्याचे चित्र, तारीख व वेळ यांसह, जपून ठेवावे. मुदत टळल्यावर तक्रार करावी लागली, तर दोष कोणाकडे होता हे दाखविण्यास तोच आधार होतो.

उलटपक्षी, २०० या संकेतांकाने हुरळून जाऊ नये. त्याचा अर्थ पान नीट आले एवढाच. त्या पानावर 'अर्ज अपूर्ण' असेही लिहिलेले असू शकते. पोचक्रमांक हाती येईपर्यंत काम पुरे झाले असे मानू नये.

संकेतांक मुळीच न येता जोडणी होत नसल्याची सूचना दिसली, तर मागणी बहुधा सर्व्हरपर्यंत गेलेलीच नसते. तेव्हा आधी मोबाइलची रेंज तपासावी.