कोलारच्या तळाशी चार दशके

१५ ऑगस्ट १९६५ रोजी 'फिजिक्स लेटर्स' या नियतकालिकात अकरा शास्त्रज्ञांच्या नावाने एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. पाच जण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, म्हणजे टीआयएफआरचे, दोन जपानच्या ओसाका सिटी विद्यापीठाचे आणि चार इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठाचे. म्हैसूर राज्यातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली ७६०० फुटांवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा मिळाल्याचे त्यात नोंदवले होते. तोपर्यंत जे न्यूट्रिनो सापडले होते ते अणुभट्टीतून किंवा त्वरकयंत्रातून निघालेले, माणसाने निर्माण केलेले होते. निसर्गातला न्यूट्रिनो सापडल्याचे वृत्त छापून आले ते सर्वांत आधी या निबंधात. मूलकणांच्या इतिहासावरच्या पुस्तकांत मात्र या गोष्टीला बहुधा एखादी ओळ मिळते, पुष्कळदा तीही नाही. १९५१ ते १९९२ अशी एक्केचाळीस वर्षे कोलारच्या खाणीत मूलकणांचे संशोधन चालले. त्यात काय घडले आणि काय हातचे गेले, हे नीट पाहायला हवे.

खाणीत उतरण्यामागचे कारण आकाशात आहे. अंतराळातून पृथ्वीवर सतत विश्वकिरण येत असतात, आणि ते बहुतांशी प्रोटॉनच असतात. वातावरणाच्या वरच्या थरात ते नायट्रोजन किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रकावर आदळतात. केंद्रकाला बांधून ठेवणारे प्रबळ बलच या टकरीत काम करते आणि तिच्यातून पायॉन नावाचे कण बाहेर पडतात. पायॉनचे आयुष्य सेकंदाच्या सुमारे चार कोटीव्या भागाएवढे असते. मग क्षीण बलाची पाळी येते. पायॉन मोडतो आणि त्याच्या जागी एक म्यूऑन व एक न्यूट्रिनो उरतात. म्यूऑन विद्युतभारित असल्यामुळे वाटेतल्या अणूंमधले इलेक्ट्रॉन हुसकावत, थोडीथोडी ऊर्जा गमावत पुढे जातो. पण प्रबळ बल त्याला लागू नसल्याने तो खडकातही खोलवर शिरतो. आपण उघड्यावर हात धरला तर तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा म्यूऑन पार होतो. न्यूट्रिनोला विद्युतभारही नाही आणि प्रबळ बलही लागू नाही. त्याच्या वाट्याला काय ते क्षीण बल, आणि ते इतके क्षीण की अख्खी पृथ्वी ओलांडून तो सहसा कशालाही न धडकता निघून जातो. या दोघांना वेगळे करण्याचा सरळ मार्ग एकच. मध्ये इतका खडक असावा, की म्यूऑन संपून जातील आणि न्यूट्रिनो तेवढे उरतील.

तेवढा खडक भारतात कोलारला होता. १८८०पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने तिथे सोन्यासाठी खोदकाम केले, आणि त्यातली चँपियन रीफ ही खाण तीन किलोमीटरहून अधिक खोल गेली. एवढ्या खोलीवर खडकाचे तापमान साठ अंशांपुढे जाते आणि वरच्या दाबाने खडक अचानक फुटतो. त्याला खाणीत रॉक बर्स्ट म्हणतात. त्यात कितीतरी माणसे दगावली. तमिळ आणि तेलुगू मुलखांतून आलेल्या कामगारांनी पिढ्यान् पिढ्या घाम गाळून, जीव धोक्यात घालून ही खोली तयार केली. पुढे जे विज्ञान तिथे झाले, ते त्यांच्या श्रमांवर उभे होते. शोधनिबंधांच्या शेवटी खाणीच्या अधिकाऱ्यांचे आभार असतात; माझ्या मते कामगारांचे ऋण त्याहून पुष्कळ मोठे आहे.

होमी भाभांचे नाव या कथेत सुरुवातीलाच येते, कारण विश्वकिरण हा त्यांचा स्वतःचा विषय होता. केंब्रिजमध्ये असताना इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या टकरीचे त्यांनी केलेले गणित आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. हाइटलर यांच्याबरोबर १९३७ साली त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धान्त मांडला. १९३९ साली ते सुट्टीवर भारतात आले असताना महायुद्ध पेटले आणि ते इथेच राहिले. १९४५ साली टीआयएफआर स्थापन झाली. १९५१ साली त्यांनी बी. व्ही. श्रीकंटन या तरुण संशोधकाला कोलारच्या खाणीत म्यूऑन मोजायला पाठवले. श्रीकंटन यांनी गायगर गणक आणि त्यांना लागणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा संस्थेतच बनवली, खाणीत नेली आणि निरनिराळ्या खोलींवर मोजणी केली. सुरुवातीची ही मोजमापे फार खोलवरची नव्हती, काहीशे मीटरपर्यंतचीच होती. पण खाणीत प्रयोग चालवायचा कसा, हे संस्थेला त्यांतून उमगले.

पुढची पायरी १९६०च्या सुमाराची. ओसाकाचे साबुरो मियाके, टीआयएफआरचे व्ही. एस. नरसिंहम आणि पी. व्ही. रमण मूर्ती म्यूऑन मोजत एकेक पातळी खाली गेले. खोली वाढेल तशी संख्या घटत गेली. सर्वांत खालची पातळी होती सुमारे २७६० मीटरची. तिथे दोन महिने यंत्र चालू राहिले आणि एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. दोन महिन्यांच्या मेहनतीनंतर हाती शून्य आले, तर एखाद्याचे मन खट्टू झाले असते. या मंडळींनी त्याचा अर्थ बरोबर ओळखला. आकाशातला सगळा गलबला या जागी पोचायचा थांबला होता, म्हणजे न्यूट्रिनोची चाहूल घ्यायला याहून योग्य जागा शोधायची गरज नव्हती. कोलारच्या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा शून्याचा आकडा. पुढचे सगळे त्यातून निघाले.

न्यूट्रिनोचा प्रयोग १९६४च्या अखेरीस उभा राहू लागला. त्याची रचना मुद्दाम समजून घेण्याजोगी आहे. यंत्र त्या सर्वांत खालच्या पातळीहून थोडे वर, ७६०० फुटांवर म्हणजे सुमारे २३०० मीटरवर होते. तिथे थोडे म्यूऑन पोचतात, पण ते जवळजवळ सरळ वरून येतात. तिरपे येणाऱ्यांना वाटेत जास्त खडक लागतो आणि ते संपतात. न्यूट्रिनोला मात्र खडकाची पर्वा नाही, तो चहूबाजूंनी येतो. त्यांतला एखादा खाणीच्या भिंतीपलीकडच्या खडकातल्या केंद्रकावर आदळला, तर क्षीण बलामुळे त्याचा म्यूऑन होतो आणि तो म्यूऑन आडवा येऊन गुहेत शिरतो. म्हणून कण गेला की चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या सिंटिलेटरचे पत्रे आडवे न ठेवता भिंतींसारखे उभे केले, दोन भिंतींमध्ये निऑनच्या फ्लॅश ट्यूब आणि शिशाचे थर बसवले. दोन्ही भिंतींत एकाच वेळी प्रकाश उमटला की ट्यूबांना विजेचा झटका बसायचा आणि कणाची वाट छायाचित्रात उमटायची. १९६५च्या पूर्वार्धात असे आडवे मार्ग मिळाले.

याच काळात दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड सोन्याच्या खाणीत फ्रेडरिक राइन्स आणि फ्रीडेल सेलशॉप यांचा गट हाच शोध घेत होता. राइन्स म्हणजे १९५६ साली कावन यांच्यासह न्यूट्रिनो पहिल्यांदा पकडणारे शास्त्रज्ञ. त्यांच्या यंत्रात पहिली घटना २३ फेब्रुवारी १९६५ रोजी नोंदली गेली, कोलारच्या आधी. त्यांचा निबंध छापून आला ३० ऑगस्टला, कोलारच्या पंधरा दिवस नंतर. पहिला मान कोणाचा, यावर आपल्याकडे काही वेळा अभिमानाने एकतर्फी लिहिले जाते. माझ्या मते दोन्ही गोष्टी सांगाव्यात. घटना आधी आफ्रिकेत दिसली, निबंध आधी कोलारचा आला; दोन्ही गट स्वतंत्रपणे एकाच उत्तरापाशी पोचले आणि त्यामुळे उत्तराला बळकटी आली.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लांवरच्या विमान अपघातात भाभा गेले. संस्थेची धुरा एम. जी. के. मेनन यांच्याकडे आली. ब्रिस्टलला पॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करून आलेले मेनन स्वतः त्या अकरा जणांपैकी एक होते. १९७५ साली ती श्रीकंटन यांच्याकडे गेली. त्यामुळे खाणीतल्या कामाला पाठबळ कमी पडले नाही.

सत्तरीच्या दशकात सिद्धान्ताच्या बाजूला मोठ्या हालचाली झाल्या. विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल ही एकाच बलाची दोन रूपे आहेत, हे ग्लॅशो, सलाम आणि वाइनबर्ग यांचे म्हणणे मान्य होऊ लागले होते. मग प्रबळ बलही त्यात का मिसळू नये, हा प्रश्न आला. मूळचे ओडिशाचे जोगेश पती आणि अब्दुस सलाम यांनी क्वार्क (ज्यांचे प्रोटॉन बनतात) आणि लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो यांसारखे कण) यांना एका कुटुंबात बसवणारी मांडणी केली. १९७४ साली जॉर्जाय आणि ग्लॅशो यांची 'एसयू-५' नावाची मांडणी आली. या साऱ्यातून एक धक्कादायक निष्कर्ष निघत होता: प्रोटॉन अमर नाही. तीन बले मुळात एकच असतील, तर प्रोटॉनही कधीतरी मोडला पाहिजे. त्याचे आयुष्य एकावर तीसेक शून्ये इतक्या वर्षांच्या घरात निघत होते. विश्वाचे वय आहे एक हजार चारशे कोटी वर्षांहून थोडे कमी. एका प्रोटॉनकडे पाहत बसणे व्यर्थ. पण पुरेसे प्रोटॉन एकत्र ठेवले, तर वर्षाकाठी त्यांतले काही मोडताना दिसायला हवेत.

केवळ याच कामासाठी बांधलेला जगातला पहिला प्रयोग १९८०च्या अखेरीस कोलारला सुरू झाला. १४० टन लोखंडाच्या पट्ट्या आणि त्यांच्या थरांमध्ये कण टिपणारे दीड हजारांवर प्रपोर्शनल काउंटर, असे ते यंत्र होते. १४० टन लोखंडात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून एकावर एकतीस शून्यांच्या आठपट भरतात. आयुष्य एकावर एकतीस शून्ये वर्षे असेल, तर वर्षाला आठेक कण मोडावेत, असा साधा हिशेब. १९८१ साली या गटाने प्रोटॉनच्या विघटनासारख्या दिसणाऱ्या काही घटना जाहीर केल्या आणि जगभर खळबळ उडाली. तीन बलांच्या एकीकरणाचा पुरावा भारतातल्या एका खाणीतून येतो आहे की काय, असे वातावरण होते.

तो पुरावा टिकला नाही. अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीत ८००० टन पाण्याचे आयएमबी यंत्र चालू झाले आणि १९८३ साली त्याने साध्या एसयू-५ मांडणीचे भाकीत मोडीत काढले. जपानमध्ये कामिओकाच्या खाणीतले कामिओकांडे हे पाण्याचे यंत्रही त्याच वर्षी सुरू झाले. न्यूट्रिनोची एखादी टक्कर प्रोटॉनच्या विघटनाची हुबेहूब नक्कल करू शकते, आणि छोट्या यंत्राला हा फरक करणे जड जाते. आता जपानच्या सुपर-कामिओकांडेने एका प्रमुख प्रकारच्या विघटनासाठी आयुष्याची खालची मर्यादा एकावर चौतीस शून्यांच्या पुढे नेली आहे. कोलारच्या गटाने जे दिसले ते प्रामाणिकपणे मांडले होते, आणि निकाल मोठ्या यंत्रांनी दिला. खोलीच्या बाबतीत कोलार सरस होते, वजनाच्या बाबतीत फार मागे. १९८५ साली २६० टनांचे दुसरे यंत्र आले. ते हजारो टनांशी स्पर्धा करू शकणार नव्हते.

इथेच माझी खरी खंत आहे. पाण्याची ती यंत्रे प्रोटॉनच्या शोधासाठी बांधली होती, आणि त्यांना मिळाले भलतेच घबाड. २३ फेब्रुवारी १९८७ रोजी शेजारच्या दीर्घिकेतल्या ताऱ्याच्या स्फोटातले न्यूट्रिनो कामिओकांडे आणि आयएमबीमध्ये नोंदले गेले. १९९८ साली सुपर-कामिओकांडेने दाखवून दिले की वातावरणातले न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे. वातावरणातले न्यूट्रिनो म्हणजे १९६५ साली कोलारमध्ये दिसलेलेच. त्या शोधासाठी ताकाआकी काजिता यांना २०१५ साली नोबेल मिळाले. कोलारच्या यंत्राला हे दिसले असते, असे मी म्हणणार नाही. १४० टनांत ते शक्यच नव्हते. पण जी माणसे हा विषय तीन दशके जगली, त्यांच्या हाती हजारो टनांचे यंत्र देण्याचा विचार या देशाने वेळेवर करायला हवा होता. झाले उलटेच. सोने काढणे परवडेनासे झाले, खोलवरच्या पातळ्या बंद होत गेल्या आणि १९९२ साली प्रयोग थांबला. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण चालवणाऱ्या भारत गोल्ड माइन्स या कंपनीचे कामच बंद झाले, आणि सोडून दिलेल्या पातळ्यांत पाणी भरले.

खाणीतल्या त्या प्रयोगात काम केलेले नबकुमार मंडल आणि त्यांचे सहकारी पुढे भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेच्या मागे लागले. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या डोंगरात, ५० हजार टन चुंबकित लोखंडाचे यंत्र, वर सुमारे १३०० मीटर खडक, अशी ती योजना. २०१५च्या सुरुवातीला केंद्र सरकारने सुमारे १५०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. स्थानिकांनी पाणी, शेती आणि पश्चिम घाटाच्या जंगलाबद्दल प्रश्न विचारले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२२ साली तमिळनाडू सरकारने सर्वोच्च न्यायालयात आपला विरोध नोंदवला. न्यूट्रिनोमुळे किरणोत्सर्ग पसरेल ही भीती निराधार आहे, कारण ते आजही आपल्या सर्वांच्या शरीरांतून जातच आहेत. डोंगर पोखरण्याबद्दलची काळजी मात्र निराधार म्हणता येत नाही, आणि शास्त्रज्ञांनी गावकऱ्यांशी बोलायला फार उशीर केला असे माझे मत आहे. सध्या त्या यंत्राचे ८५ टनांचे छोटे रूप मदुराईत जमिनीवर चालते.

कोलारचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. न्यूट्रिनोच्या प्रयोगात काही मोजक्या घटना अशा होत्या, की दोन-तीन कणांचे मार्ग मागे नेले तर ते खडकात न मिळता गुहेतल्या हवेत किंवा यंत्राच्या पातळ भागात एकत्र येत. हवेत न्यूट्रिनोला धडकायला पदार्थच इतका कमी, की अशा घटना जवळपास दिसूच नयेत. १९७५ साली गटाने त्या प्रसिद्ध केल्या आणि एखादा नवा, जड, काही काळ टिकणारा कण यामागे असावा असे सुचवले. त्वरकयंत्रांत तसा कण सापडला नाही, घटना खोट्या ठरवणारे स्पष्टीकरणही कोणी दिले नाही. २०१४ साली एम. व्ही. एन. मूर्ती आणि जी. राजशेखरन यांनी 'प्रमाण' या नियतकालिकात त्या पुन्हा चर्चेला आणल्या आणि कृष्णद्रव्याचे कण गुहेच्या पोकळीत मोडत असतील का, अशी शक्यता मांडली. ती खरी असेल, तर यंत्राच्या वजनापेक्षा गुहेतल्या मोकळ्या जागेला महत्त्व येते: खोल जागी मोठी पोकळी आणि तिच्या भिंतींवर कणांचे मार्ग टिपणारी यंत्रे. जगात आज अशा गुहा आहेत. त्यांपैकी एकीत तरी हे मुद्दाम तपासले जावे, असे मला मनापासून वाटते.