कारवान की धनगरी?

माळावरचे सोबती : भाग ६

मागच्या भागात मेंढरांच्या वाड्याविषयी लिहिलं, त्यावर इंदापूर आणि बारामतीच्या जिरायती पट्ट्यातून एकच प्रश्न फिरून फिरून आला. पाच-पन्नास शेळ्या-मेंढ्या आहेत, वस्ती रानात आहे, लांडगा येतो. मग कारवान आणावा की धनगरी कुत्रं पाळावं?

राखणीसाठी हवं असेल तर धनगरी. कारवानाची हौस असेल तर जरूर करावी, पण ती हौस आहे हे ध्यानात ठेवून.

कारवान देखणा आहे यात वाद नाही. खांद्याशी सव्वादोन फुटांच्या पुढे उंची, खोल छाती, पाठीला चिकटलेलं पोट, लांब निमुळतं तोंड. लातूर भागात तो पूर्वापार आहे. हीच जात कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपड्यांच्या संस्थानात नावारूपाला आली, म्हणून तिकडे तिला मुधोळ हाउंड म्हणतात. त्याच्या वाट्याला मानही भरपूर आले. २००५ साली टपाल तिकीट निघालं, २०१६ मध्ये लष्करानं मेरठच्या केंद्रात काही पिल्लं चाचणीसाठी नेली, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनं देशी कुत्र्यांच्या ज्या पहिल्या तीन जाती नोंदवल्या त्यांतही मुधोळ आहे. धनगरी कुत्र्याला यातलं काहीच मिळालं नाही. त्याला ठरलेला रंग नाही, कागद नाही, प्रदर्शनात जागा नाही. कुणी चितकबरं, कुणी काळं, कुणी मातकट. त्यामुळे पाहणारा त्याला गावठी म्हणून मोकळा होतो.

आता काम पाहू. कारवान डोळ्यानं शिकार करतो. वासावर माग काढत बसणं त्याचं काम नव्हे. उघड्या माळावर ससा उठला, दिसला, की सुटायचं आणि गाठायचं. त्याची सगळी ठेवण त्या दोन-चार मिनिटांच्या धावेसाठी आहे. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते काम हळूहळू बंदच झालं. आज कुत्रं सोडून ससा मारणं गुन्हा आहे. काम गेलं तरी खोड जात नाही. सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्याच्या आसपास किंवा कडबनवाडी, शिर्सुफळच्या माळावर चिंकारा उठला की कारवान मेंढरं तिथंच टाकून त्याच्यामागे जाणार. चिंकारा पहिल्या अनुसूचीतला प्राणी. तो मेला तर पुढचं निस्तरायला मालकच.

धनगरी कुत्र्याची रीत उलटी. तिन्हीसांजेला वाघूर, म्हणजे वाड्याभोवतीची जाळी, लावून होते, कोकरं वेगळी कोंडली जातात, घोडी बांधली जाते. कारभारीण दुधात भाकरी कुस्करून कुत्र्यांपुढे ठेवते. ती खातात आणि कुणी न सांगता उठून जाळीच्या बाहेर, एकमेकांपासून लांब लांब जाऊन पडतात. एक वाऱ्याच्या अंगाला, एक ओढ्याच्या तोंडाशी. रात्री माणूस गेला तर एक भुंकणं, लांडगा असला तर वेगळंच, घाईचं. ते कानावर पडलं की गाढ झोपेतला गडी बॅटरी घेऊन उभा राहतो. कुत्र्यानं लांडगा मारावा अशी अपेक्षाच नसते. त्यानं वाडा जागा करायचा. लांडगा हिशेबी जनावर आहे. गलका झाला, उजेड आला, की तो सहसा निघून जातो. एकाच कुत्र्यावर मात्र विसंबू नये. एक लांडगा कुत्र्याला भुलवून लांब नेतो आणि दुसरा मागून कोकरू उचलतो, असं मेंढपाळ सांगतात. दोन-तीन कुत्री हवीत. मेलेल्या मेंढराची भरपाई सरकार देतं, पण पंचनाम्याला थांबायचं तर पुढचा मुक्काम मोडतो. म्हणून वाड्याला कुत्रं जास्त भरवशाचं.

नामिबियात चित्त्यांपासून शेळ्या वाचवायला १९९४ पासून तुर्कस्तानी जातीची राखणदार कुत्री शेतकऱ्यांना दिली जातात. बेत असा की शेळी वाचली तर शेतकरी चित्त्यावर बंदूक रोखणार नाही. आपल्याकडे हेच काम कुठल्याही प्रकल्पाविना चालू आहे, आणि खंडोबाच्या पायाशी कुत्रा असणाऱ्या मुलखात त्याचं कुणाला विशेष वाटत नाही!

पिल्लू बाजारातून घेऊ नये. चालत्या वाड्यावरून घ्यावं, आई राखणीला चांगली आहे ना ते रात्री मुक्कामाला राहून बघावं. दीड-दोन महिन्यांचं असतानाच ते मेंढरांत सोडावं. त्या वयात ज्यांच्या अंगाशी झोपलं, त्यांनाच ते आपलं मानतं. घरात लाडावून सहा महिन्यांनी रानात नेलेलं पिल्लू माणसांकडेच पळत येतं, मग जात कुठलीही असो.

कालव्याखालच्या बागायतीत मात्र हिशेब वेगळा. तिथल्या उसात बिबट्या आहे आणि बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपं भक्ष्य. धनगरी काय, कारवान काय, रात्री दोन्ही बंदिस्त गोठ्यातच हवीत.

एक काम दोन्हीकडे सारखं. रेबीज आणि डिस्टेंपरची लस चुकवू नये. कुत्र्यांचे रोग माळावरच्या लांडग्या-खोकडांपर्यंत पोचू शकतात. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा ज्या कुत्र्याची पिल्लं नको आहेत त्याची नसबंदी करून घ्यावी. कारवान आधीच दारात असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी. या चणीच्या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते आणि भुलीची काही औषधं त्यांना उतरायला फार वेळ लागतो. चरबी नसल्यानंच फरशीवर झोपून त्यांच्या कोपरांना घट्टे पडतात. खाली पोतं किंवा गोधडी घालावी, आणि पळायला कुंपणातली जागा द्यावी.

पुढच्या आठवड्यात : पश्मी, कारवानाचा केसाळ भाऊबंद.