सिस्टरने ताट पाहिले

रमजानमध्ये अयादतीला, म्हणजे आजारी माणसाची विचारपूस करायला, जरूर जावे, असे अम्मी सांगत. काही वर्षांपूर्वी रमजानमध्ये त्याच रुग्णालयात दाखल झाल्या. वय सत्तरीपुढचे, मधुमेह जुना. ताप, रक्तदाब, सलाईन यांची नोंद वेळच्या वेळी होत होती. दुपारचे ताट मात्र दोन दिवस न उष्टावता परत गेले, त्याची नोंद कुठेच नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक सिस्टर ते झाकलेले ताट पाहून थांबली. खाटेशेजारी बसून हळूच म्हणाली, "अम्मा, रोजा धरलाय का?" अम्मी गप्प. उशीखाली खजूर निघाले. इन्सुलिन चालू आणि पोट रिकामे! साखर तपासली, तर ती बरीच घसरलेली. सिस्टरने तत्काळ साखरपाणी पाजले, डॉक्टरांना बोलावले. मग म्हणाली, "तुमच्या कुरआनातच आजाऱ्याला सूट आहे ना?" आहे. सूरह बकरामध्ये आजारी आणि प्रवासी यांना रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहे. ज्यांना ते कधीच शक्य नाही, त्यांनी गरिबाला जेवू घालावे. अम्मींनी त्या दिवशी भाकरी कुस्करून खाल्ली.

रुग्णाचे जेवण ही परिचारिकेची जबाबदारी आहे, हे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ठामपणे मांडले. त्यात अन्नावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. अन्न भरपूर असूनही केवळ दुर्लक्षामुळे रुग्ण उपाशी राहतात, हे त्यांचे निरीक्षण आजही लागू पडते.

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दाखल होताना वजन घ्यावे. गेल्या काही महिन्यांत वजन आपोआप घटले का, हे विचारावे. ताटातले किती खाल्ले, ते लिहावे. दात नाहीत, गिळता येत नाही, हात थरथरतो की मन लागत नाही, हे पाहावे. रमजानमध्ये आणखी एक प्रश्न: रोजा आहे का? असल्यास औषधांच्या वेळा डॉक्टरांनी ठरवाव्यात. साखर 70 च्या खाली गेली, तर रोजा सोडलाच पाहिजे. बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात.

हे कौशल्य आपल्या जिल्ह्याला नवे नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले. तिथे गावातल्याच, अनेकदा निरक्षर, बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. मुलांची वजने घेणे, गरोदर बाईला पोटभर खायला सांगणे, हे त्यांनी घरोघरी केले. 1979 मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शिकवले आणि विश्वास टाकला, तर निरक्षर बाईसुद्धा उपासमार ओळखते. मग शिकलेल्या सिस्टरला ते का जमू नये? जमते, पण एकीच्या वाट्याला वॉर्डभर खाटा आल्या, तर ताट पाहायला तिला वेळ कुठून मिळणार? मनुष्यबळ देणे हे व्यवस्थेचे काम आहे.

आपणही एक करू शकतो. अयादतीला जाताना फळांची पिशवी जरूर न्यावी. पण ती ठेवून लगेच निघू नये. घटकाभर बसावे, रुग्णाने काय खाल्ले ते विचारावे आणि जाताना सिस्टरला सांगावे.

अम्मी आता नाहीत. इफ्तारच्या दुआत त्यांचे नाव येते आणि त्या सिस्टरचेही.