पद्मिनीचा श्वास : जुन्या मोटारीसाठी कार्बुरेटर निवडताना

सध्याच्या नव्या मोटारींतून कार्बुरेटर नाहीसा झाला आहे. त्याचे काम आता इंधन फवारणारी नळी आणि तिच्यामागचा लहानसा संगणक करतो. त्यामुळे पाठ्यपुस्तकातील बर्नुलीचे तत्त्व शिकवताना विमानाचा पंख आणि अत्तराचा फवारा यांपलीकडचे उदाहरण विद्यार्थ्यांना सहसा मिळत नाही. पण आपल्या भागात अजूनही काही प्रीमियर पद्मिनी चालू स्थितीत आहेत. वाशी-नेरूळच्या एखाद्या सोसायटीत आच्छादनाखाली झाकलेली आणि रविवारी सकाळी पाम बीच मार्गावर बाहेर काढली जाणारी गाडी अनेकांनी पाहिली असेल. अशा गाडीच्या मालकाला आज एक प्रश्न हमखास पडतो : जुना कार्बुरेटर झिजला आहे, आता तसाच बसवावा की मोठा, किंवा एकाऐवजी दोन? मिस्त्रींची मते वेगवेगळी असतात. आमच्या मते या प्रश्नाचे बरेचसे उत्तर आठवी-नववीच्या गणितातून निघते.

प्रथम गाडीविषयी थोडेसे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० या मोटारीची भारतीय आवृत्ती तयार होत असे. तिलाच पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती इतकी रुळली, की २००३ साली नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर लेख लिहिले. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे.

इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर हवा ओढून घेतात. म्हणजे मिनिटाला ५००० फेरे होत असताना १.०८९ लिटर हवा २५०० वेळा आत जायला हवी; ती होते सुमारे २७२० लिटर. प्रत्यक्षात झडपा आणि नळ्या यांच्या अडथळ्यामुळे सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ८० टक्के भरतात असे धरले, तर मिनिटाला साधारण २१८० लिटर, म्हणजे सेकंदाला ३६ लिटर हवा लागते.

ही सगळी हवा कार्बुरेटरच्या चिंचोळ्या गळ्यातून जाते. या गळ्याला व्हेंचुरी म्हणतात. गळा चिंचोळा असल्याने तेथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि शेजारच्या फ्लोटच्या भांड्यातील पेट्रोल, त्यावर बाहेरच्या हवेचा दाब असल्याने, जेटमधून वर ढकलले जाते. पेट्रोल 'ओढले' जाते असे आपण बोलतो, पण ते ढकललेच जाते. हा फरक वर्गात आग्रहाने सांगावा.

समजा गळ्याचा व्यास २४ मिलिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४.५ चौरस सेंटिमीटर. सेकंदाला ३६ लिटर हवा त्यातून जायची तर वेग ८० मीटर, म्हणजे ताशी २९० किलोमीटरच्या आसपास येतो. अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग या सूत्राने दाब सुमारे ३८५० पास्कलने कमी होतो. पाण्याच्या स्तंभात सांगायचे तर ३९ सेंटिमीटर. पेट्रोल उसळून बाहेर येण्यास हा दाब भरपूर आहे.

पण पूर्ण थ्रॉटल देऊन ५००० फेऱ्यांवर गाडी किती वेळ चालते? सायन-पनवेल रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता गाडी चालवणाऱ्याने याचे उत्तर द्यावे. तेथे इंजिन २००० फेऱ्यांवर असते, थ्रॉटल किंचित उघडा असतो आणि सिलिंडर जेमतेम पाव भरतात. आता हवा लागते सेकंदाला फक्त साडेचार लिटर. वेग होतो १० मीटर आणि दाबातील घट उरते ६० पास्कल : पाण्याचा स्तंभ ६ मिलिमीटर, पेट्रोल हलके असल्याने त्याचा ८ मिलिमीटर. फ्लोटच्या भांड्यातील पेट्रोलची पातळी नळीच्या तोंडापेक्षा मुद्दाम काही मिलिमीटर खाली ठेवलेली असते, नाहीतर उभ्या गाडीतून पेट्रोल गळत राहील. म्हणजे मेन जेट येथे अगदी काठावर काम करतो आहे.

आता हौसेने ३२ मिलिमीटर गळ्याचा मोठा कार्बुरेटर बसवला, असे समजू. हवा तेवढीच. वेग व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि दाबातील घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात; म्हणजे दाबातील घट व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. व्यास तीनास चार या प्रमाणात वाढला, तर दाबातील घट एक-तृतीयांशाहूनही कमी होते. ६० पास्कलचे राहतात १९. पेट्रोलचा स्तंभ अडीच मिलिमीटर. पेट्रोल नळीच्या तोंडापर्यंत पोचतच नाही. स्लो जेटच्या वाटेने जेवढे मिळेल तेवढ्यावर इंजिन चालते आणि अॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. मिस्त्री याला 'गाडी झोपते' म्हणतात. चौथ्या घाताचा इतका रोखठोक परिणाम शालेय उदाहरणांत फारसा सापडत नाही.

आणि एवढे करून मिळवायचे काय? लहान गळ्यामुळे वरच्या वेगात ३८५० पास्कल कमी होतात, आणि हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल आहे. गळ्यातील घट पुढे नळी रुंद झाल्यावर अंशतः भरून येते, पण ती मुळीच भरून येत नाही असे धरले तरी नुकसान चार टक्क्यांच्या आत. म्हणजे ४० पैकी दीड अश्वशक्ती, आणि तीही ज्या वेगाने आपण क्वचितच जाणार त्या वेगाला. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर पूर्वी मोटारींच्या शर्यती होत. तेथे उतरणाऱ्याला या दीड अश्वशक्तीची किंमत होती. वाशीच्या सिग्नलवर उभ्या असलेल्याला ती नाही.

अमेरिकेतील मोठ्या इंजिनांच्या गाड्यांपुढे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला होता. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओचे इंजिन सुमारे ६.४ लिटरचे, आपल्या पद्मिनीच्या जवळजवळ सहापट. तिच्यावर हवे असल्यास तीन कार्बुरेटर मिळत. पण गंमत अशी की सावकाश जाताना फक्त मधला चालत असे. बाजूचे दोन थ्रॉटल बराच उघडल्यावर जागे होत. पुढे जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आलेल्या क्वाड्राजेट कार्बुरेटरला दोन लहान आणि दोन मोठे गळे होते. रोजचे काम लहान गळ्यांवर. म्हणजे एवढ्या ताकदीच्या गाड्यांनाही शहरात चिंचोळा गळाच लागत होता.

तेव्हा रस्त्यावर चालवायच्या पद्मिनीसाठी मूळ मापाचाच एक कार्बुरेटर घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन कार्बुरेटर बसवले तर दोन्हींचे थ्रॉटल सतत जुळवत बसावे लागते. हौस असेल त्याने करावे. त्यापेक्षा जुन्या कार्बुरेटरची थ्रॉटलची कांडी झिजली आहे का ते पाहणे महत्त्वाचे. तिच्या कडेने चोरटी हवा आत शिरते, आणि मग स्क्रू कितीही फिरवला तरी आयडलिंग स्थिर होत नाही. ॲक्सिलरेटर पंपाचा पडदाही तपासावा. पेडल एकदम दाबले की हवा लगेच धावते, पेट्रोल मात्र जड असल्याने मागे राहते आणि काही नळीच्या भिंतीला चिकटते. ती क्षणभराची उणीव हा पंप पिचकारीसारखा भरून काढतो. निम्म्या 'झोपणाऱ्या' गाड्यांचे दुखणे हा फाटका पडदाच असावा, असा आम्हांला दाट संशय आहे.

यापुढचा प्रश्न मात्र कारखान्याच्या काळात नव्हता. २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे सरासरी प्रमाण २० टक्क्यांवर पोचले आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला ९ किलो पुरते. मिश्रणाला साधारण १३.५ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला आता सुमारे ८ टक्के जास्त इंधन हवे. संगणक असलेली गाडी हे धुराड्यातील ऑक्सिजन मोजून जुळवून घेते. कार्बुरेटरला यातले काही कळत नाही. त्याच्या जेटचे भोक तेवढेच राहते आणि मिश्रण पातळ होते.

उपाय सोपा आहे. सोलेक्स पद्धतीच्या जेटवरील अंक भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. समजा १२०, म्हणजे १.२० मिलिमीटर. प्रवाह क्षेत्रफळावर अवलंबून, म्हणजे व्यासाच्या वर्गावर. १२५ चा जेट घेतला, तर क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. झाले काम. भोक तारेने कोरून मोठे करू नये : ०.०५ मिलिमीटरचा हिशेब तारेने जमत नाही.

पण बदल करण्याआधी गाडीची सध्याची अवस्था पाहावी. पुष्कळ जुन्या गाड्या मुळात जाड मिश्रणावर लावलेल्या असतात. त्यांना इथेनॉलने आपोआप सुधारलेले असते. तेथे जेट वाढवला, तर कार्बन मोनॉक्साइड वाढेल. या वयाच्या गाड्यांना पीयूसी चाचणीत त्याची मर्यादा ३ टक्के आहे. स्पार्क प्लग काढून पाहावा : काळी काजळी म्हणजे मिश्रण जाड, पांढरट म्हणजे पातळ, तांबूस करडा म्हणजे ठीक.

उंचीचाही येथे संबंध येतो. हवेची घनता जेवढी कमी होते, त्याच्या साधारण निम्म्या टक्क्यांनी कार्बुरेटरचे मिश्रण जाड होते. लोणावळ्याला ३ टक्के, महाबळेश्वरला ६ ते ७. म्हणजे आजच्या पेट्रोलवर मूळ जेटची पद्मिनी समुद्रसपाटीवरच्या नवी मुंबईत पातळ श्वास घेते आणि महाबळेश्वरला पोचल्यावर जवळजवळ बरोबर चालते!

वर्गात हे दाखवायचे असल्यास पेट्रोल अजिबात आणू नये. प्लॅस्टिकच्या दोन लहान बाटल्यांचे वरचे निमुळते भाग कापून तोंडाला तोंड लावून चिकटवावेत. मधल्या गळ्याला भोक पाडून सलाइनची पारदर्शक नळी बसवावी आणि तिचे दुसरे टोक रंगीत पाण्यात सोडावे. केस वाळवण्याच्या यंत्राने थंड हवा सोडली, की नळीत पाणी चढते. ते किती मिलिमीटर चढले हे मोजावे. मग रुंद तोंडाच्या बाटल्यांनी तोच प्रयोग करावा.

गाडीच्या मालकाला शेवटची एक सूचना. जुने रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि फ्लोटच्या सुईचे रबरी टोक इथेनॉलमध्ये फुगतात. ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत. इथेनॉल हवेतील बाष्पही शोषून घेते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बाष्पाला तोटा नाही. चार महिने गाडी उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक किंवा पाइप बंद करून, इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवून फ्लोटचे भांडे रिकामे करावे.