मुका टीव्ही आणि बहिरीं बटणें

घरांतील एखादें यंत्र बिघडलें म्हणजे त्याविषयीं दोन मतें तत्काळ प्रकट होतात. वडील मंडळींच्या मतें तें मुलांनीं मोडलेलें असतें. मुलांच्या मतें तें मुळांतच टाकाऊ असून नवें घेणें हाच एक उपाय असतो. दोन्ही मतांत तपासाचे श्रम वांचतात, म्हणूनच तीं लोकप्रिय आहेत. प्रस्तुत लेखांत आम्ही एका घरगुती यंत्राचें उदाहरण घेऊन हे श्रम कसे करावे तें सांगणार आहों.

१९८३ सालीं जपानांत निन्टेंडो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ हा खेळ-संच विक्रीस आला. त्याच्या नकला १९९० नंतरच्या दशकांत आपल्याकडील मध्यम स्थितींतील घरांतही शिरल्या. त्या वेळचीं मुलें आज आईबाप झालीं असून, तेच खेळ आपल्या मुलांबरोबर पुन्हां खेळावे अशी हौस पुष्कळांस असते. त्यासाठीं बहुधा ‘रास्पबेरी पाय’ हा तळहातावर मावणारा संगणक घेतात; तो इंग्लंडांत २०१२ सालीं प्रथम निघाला. त्याच्या कार्डावर ‘रेट्रोपाय’ ही प्रणाली घातली, टीव्हीस केबल जोडली आणि दोन कंट्रोलर लावले कीं मांडणी पुरी झाली. परंतु हौस पुरी होतेच असें नाहीं. चित्र दिसतें पण आवाज नाहीं. आवाज येतो पण फुटका. किंवा उडीचें बटण दाबलें असतां गडी भलतेंच कांहीं करतो.

अशा वेळीं कोणी तरी उत्साही मनुष्य ‘कार्ड पुसून सर्व पुन्हां घाला’ असा सल्ला देतो. हा सल्ला घातक आहे. खेळांतील मजल जेथपर्यंत गेली तेथपर्यंतची साठवण बहुधा त्याच कार्डावर असते. कार्ड पुसलें कीं मुलांनीं कित्येक सुट्यांत मिळविलेलें सर्व गेलें. म्हणून पहिला नियम असा कीं, कांहींही बदलण्यापूर्वी कार्डाची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. दुसरा नियम, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी व ती वहींत टिपावी. चार गोष्टी एकदम बदलून यंत्र सुरू झालें, तरी गुण कशाचा आला तें कळत नाहीं.

आतां आवाजाचा मार्ग पाहूं. तो खेळांतून प्रणालींत, प्रणालींतून केबलींत व केबलींतून टीव्हींत येतो. तपास टीव्हीच्या टोंकाकडून करावा. त्याच केबलीनें व त्याच खांचेंत दुसरें एखादें यंत्र लावून पाहावें. त्याचा आवाज आला तर टीव्ही व केबल निर्दोष ठरलीं. मग संगणकाकडे वळावें. २०१९ च्या चौथ्या ‘पाय’ला एचडीएमआयच्या दोन लहान खांचा आहेत, त्यांपैकीं विजेच्या खांचेजवळची वापरावी. आवाज केबलीनें जावा कीं इअरफोनच्या भोंकांतून, हें मेन्यूंत निवडलेलें असतें. पुष्कळदां दोष एवढाच असतो. २०२३ च्या पांचव्या ‘पाय’ला तें भोंकच नाहीं, हेंही ध्यानांत असावें. टीव्ही आधीं व संगणक मागाहून सुरू करावा, कारण समोरचा पडदा आवाज घेऊं शकतो कीं नाहीं हें संगणक आरंभीं विचारून घेतो. इतक्यानेंही न भागल्यास ‘कॉन्फिग’ फाइलींत ‘एचडीएमआय ड्राइव्ह’ची किंमत २ लिहिल्यानें जुन्या धर्तीच्या प्रणालींत आवाज पाठविणें भाग पडतें.

आवाज फुटत असेल तर प्रथम विजेचा संशय घ्यावा. चौथ्या ‘पाय’ला ५.१ व्होल्ट व ३ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा कोणताही चार्जर चालेल ही समजूत चुकीची आहे. पडद्याच्या कोपऱ्यांत पिवळी वीज चमकली तर तो कमी दाबाचा इशारा होय. वीज ठीक असल्यास ‘रेट्रोआर्च’मधील आवाजाचा विलंब पाहावा. तो मूळचा ६४ मिलिसेकंद असतो. ९६ केल्यास फुटणें थांबतें, पण फार वाढविल्यास उडी आधीं व तिचा आवाज मागून येऊं लागतो. बटण दाबल्यावर चित्रच उशिरां हालत असेल, तर टीव्हीचा ‘गेम मोड’ सुरू करावा.

कंट्रोलरचीही हीच रीत. केबल केवळ चार्जिंगची असेल तर तींत हुकूम वाहून नेणाऱ्या तारा नसतात, व बिचारा कंट्रोलर विनाकारण दोषी ठरतो. निन्टेंडोच्या १९९० च्या संचांत ‘ए’ उजवीकडे व ‘बी’ खालीं आहे, तर मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर नेमकें उलट. ‘बटणें उलटीं चालतात’ ही तक्रार कित्येकदां येथूनच उद्भवते. बटणांची नोंद मेन्यूंतून पुन्हां केली कीं ती मिटते. दोन कंट्रोलर असतां पहिला गडी कोण, हें जोडणीच्या क्रमावर अवलंबून असूं शकतें. भावंडांचें भांडण सोडविण्यापूर्वी क्रम तपासावा. बिनतारी कंट्रोलर तुटक चालत असल्यास संगणकाची धातूची पेटी काढून पाहावी. जुन्या कंट्रोलरचें बटण जोरानें दाबावें लागत असेल, तर आंतील रबराखालच्या काळ्या टिकल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनें हलक्या हातानें पुसाव्या. दांडी आपोआप एकीकडे ओढत असल्यास तिचा ‘डेड झोन’ थोडा वाढवावा. झीज फार असेल तर मात्र दांडी बदलणेंच प्राप्त आहे.

हा सर्व तपास घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलास सहज करतां येण्याजोगा आहे. वडिलांनीं शेजारीं बसावें, ‘यानंतर काय पाहशील?’ एवढेंच विचारावें, आणि वही त्याच्या हातीं द्यावी. दोष न सांपडल्यास काय काय निर्दोष आहे याची यादी तरी तयार होते, आणि दुरुस्ती करणाऱ्याकडे जातांना ती यादी बरोबर असली म्हणजे वेळ व पैसा दोन्ही वांचतात. दोष सांपडला, तर यंत्र मोडल्याचा आळ ज्याच्यावर आला होता त्याच्याच हातून तें सुरू होतें. आणि घरांतल्या मुलास याहून मोठें बक्षीस आम्हांस तरी ठाऊक नाहीं.