अर्धांगवायू एकदा आला. दुसऱ्यांदा येऊ नये म्हणून



गळीत हंगाम जोरात चालू असला की घरच्या कर्त्या माणसाला स्वतःच्या अंगाकडे बघायला सवड नसते. तोड कधी येणार, गाडी कधी भरणार, खोडव्याला पाणी कधी द्यायचे, याच घोरात तो असतो. आमच्या घरी असेच झाले. ही हकीकत आमच्या थोरल्या बंधूंची, म्हणजे अण्णांची आहे. त्यांना विचारूनच लिहितो आहे. "लिही बाबा, कुणाचं तरी भलं होईल," असे ते म्हणाले.

दोन वर्षांपूर्वीच्या हंगामात एके सकाळी चहा घेताना अण्णांच्या उजव्या हातातून कप निसटला. तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले. वहिनी घाबरल्या. पण दहा-पंधरा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. "रात्रभर दारं धरली, हात आखडला असंल," असे म्हणून अण्णा टोळीकडे निघून गेले. चौथ्या दिवशी ते बांधावरच कोसळले. उजवा हात आणि पाय लुळा पडला.

आधी त्यांना घरी आणले. शेजारच्या एकाने पारव्याचे रक्त चोळायला सांगितले, दुसऱ्याने झाडपाल्याच्या औषधाचे गाव सांगितले. या चर्चेत आणि गावातल्या दवाखान्यात वेळ गेला. शेवटी पुतण्याने गाडी काढून शहर गाठले, तोवर पाच तास उलटून गेले होते. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन असते. ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आमची ती वेळ टळली.

चार दिवस आधीची ती दहा मिनिटे हीच खरी सूचना होती, हे आम्हाला नंतर कळले. अशी लक्षणे आपोआप गेली तरी त्यानंतरचे पहिले काही दिवस फार धोक्याचे असतात. त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा होता.

नळीत क्षार बसावेत तसे

तपासणीत असे दिसले की, मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी एक मोठी नस आतून तीन चतुर्थांश बुजली होती. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि बहुतेकांचे बोलणेही तिथूनच चालते. म्हणून उजवा हात गेला आणि वाचाही अडखळली.

ज्यांच्याकडे ठिबक आहे त्यांना हे समजायला सोपे जाईल. पाणी खारे असले की नळीत आतून क्षारांचा थर चढतो. टोकाच्या उसाला पाणी कमी पडते, हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात थराचा एखादा तुकडा सुटून पुढे जातो आणि ड्रिपर बंद करतो. मेंदूच्या नसेतही हे दोन्ही घडते. चरबीचा थर साचून वाट अरुंद होते, आणि त्या खरबरीत जागी रक्ताची गुठळी धरते. ती सुटली की पुढची बारीक नस बंद पडते. वाढलेला रक्तदाब, साखर, रक्तातली वाईट चरबी आणि तंबाखू ही या थराची मुख्य कारणे. मेंदूच्या आतल्या नसा अरुंद होण्याचे प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा आपल्या आशियाई लोकांत जास्त आढळते.

स्टेंटसाठी जमीन विकायची का?

घरात बैठक बसली. पाहुण्यांपैकी एकाने सांगितले, "हृदयात स्टेंट घालतात तसाच मेंदूतबी घालतात. पैशाकडं बघू नका." रस्त्याकडेची दहा गुंठे विकायची, इथवर बोलणे गेले. वहिनींनी पाटल्या काढून पुढे ठेवल्या. अण्णा नुसते बघत होते, त्यांना धड बोलता येत नव्हते.

मेंदूच्या डॉक्टरांनी मात्र आम्हाला थांबवले. त्यांनी जे समजावले ते प्रत्येक सभासदाने ऐकण्यासारखे आहे.

बंद वाट मोकळी करावी, हा विचार नवा नाही. १९६७ साली झुरिच येथे डॉ. याशारगिल यांनी डोक्याच्या कातडीखालची नस मेंदूच्या नसेला जोडून बायपास केला. जणू बुजलेल्या चारीला दुसरी चारी काढून दिली. कल्पना पटण्यासारखीच होती, आणि पुढे अनेक ठिकाणी असे बायपास झाले. पण १३७७ रुग्णांवर रीतसर तुलना झाली, आणि १९८५ साली निकाल लागला की या शस्त्रक्रियेने पुढचे झटके टळत नाहीत.

मग स्टेंट आला. अमेरिकेत ४५१ रुग्णांची पाहणी झाली. सगळ्यांची मेंदूतली नस ७० ते ९९ टक्के अरुंद झालेली आणि सगळ्यांना नुकताच झटका येऊन गेलेला. निम्म्यांना गोळ्या, पथ्य आणि बारीक देखरेख. निम्म्यांना हे सगळे आणि वर स्टेंट. २०११ साली नवे रुग्ण घेणे मध्येच थांबवावे लागले. कारण पहिल्या तीस दिवसांतच स्टेंटवाल्यांपैकी १४.७ टक्के लोकांना पुन्हा झटका आला किंवा मृत्यू आला. नुसत्या औषधांच्या गटात हेच प्रमाण ५.८ टक्के होते. पुढची तीनेक वर्षे लक्ष ठेवले, तेव्हाही औषधांचाच गट सरस राहिला. २०२२ साली चीनमध्ये रुग्ण आणि डॉक्टर अधिक पारखून पुन्हा पाहणी झाली. तेव्हा दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत आले, म्हणजे स्टेंटने जास्तीचे काही हाती लागले नाही.

असे का व्हावे? डॉक्टरांनी सांगितले की, मेंदूतल्या नसेची भिंत पातळ असते. ती फाटली तर रक्तस्राव होतो. शिवाय त्या नसेतून केसासारख्या बारीक फांद्या निघून मेंदूत खोल जातात. स्टेंट दाबून बसवताना साचलेला थर सरकतो आणि त्या फांद्यांची तोंडे बुजतात. मेनलाइन दुरुस्त करताना लॅटरलची तोंडेच बंद पडावीत, तशातली गत.

२०२४ साली चीनमधूनच आणखी एक निकाल आला. त्यात स्टेंट न ठेवता छोट्या फुग्याने नस हळूच आणि थोडीच रुंद केली. वर्षभरात फुगा आणि औषधे मिळालेल्यांत त्रास ४.४ टक्के, तर नुसत्या औषधांत १३.५ टक्के. पहिल्या महिन्यातला धोका मात्र फुग्याच्या गटातच थोडा जास्त होता. म्हणजे ही वाट आशेची आहे, पण ती निष्णात हातांची आणि निवडक रुग्णांची. औषधे नीट घेऊनही झटके येत राहिले तर असा विचार करतात. अण्णांना तशी गरज नव्हती.

एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवावी. मानेतली नस अरुंद असेल तर हिशेब निराळा. तिथे १९९१ सालीच सिद्ध झाले की, ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेली नस शस्त्रक्रियेने साफ केली, तर दोन वर्षांत त्या बाजूच्या झटक्याचा धोका २६ वरून ९ टक्क्यांवर येतो. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा, "नस मानेतली की मेंदूतली?" अण्णांची मानेतली नस मोकळी होती.

दहा गुंठे वाचली. वहिनींच्या पाटल्याही हातात परत गेल्या.

गोळ्या बंद केल्या तेव्हा

पहिले तीन महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या, पुढे एकच. चरबीची एक, रक्तदाबाच्या दोन. तंबाखूची चंची चुलीत गेली. रोजच्या व्यायामाने हात उचलायला लागला, बोलणे सुधारले. सहा महिन्यांत अण्णा काठी टेकत फडात येऊ लागले.

आणि इथेच घात झाला असता. घरात लग्नाची गडबड, त्यात गोळ्या संपल्या. "आता काय धाड भरलीय मला? गोळ्या खाऊन तोंड आळणी झालंय," असे म्हणून अण्णांनी सगळ्याच बंद केल्या. दोन महिने कुणी विचारले नाही. यात चूक माझीही आहे. रोज त्यांच्याशी टनेज आणि दरावर बोललो, पण गोळी घेतली का हे एकदाही विचारले नाही. सहज म्हणून रक्तदाब मोजून घेतला, तर १९०! डॉक्टर एवढेच म्हणाले, "जमीन विकायला निघाला होता, आणि एवढ्याशा गोळ्या आणवल्या नाहीत?" मान खाली घालण्यापलीकडे आमच्याकडे उत्तर नव्हते.

आता गोळ्यांचा डबा देवघराच्या फळीवर असतो. नातीने दिल्याशिवाय आजोबांना चहा मिळत नाही.

एवढे करावे

१. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही एकदम झाले तर वेळ बघून ठेवा आणि १०८ ला फोन लावा. आपोआप थांबले तरी जाच.

२. अशा वेळी स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन देऊ नका. काही झटके रक्तस्रावाचे असतात. त्यात ती गोळी घातक ठरते. स्कॅन झाल्याशिवाय फरक कळत नाही.

३. झटका येऊन गेलेल्यांचा वरचा रक्तदाब १४० च्या खाली असावा. बरेच डॉक्टर १३० च्या खाली सांगतात. वाईट चरबी ७० च्या खाली. आपला आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

४. तंबाखू, मिश्री, विडी, सगळे बंद. लोणचे, पापड, वरचे मीठ कमी. झेपेल तेवढे रोज चाला.

५. बरे वाटते म्हणून गोळी थांबवू नका. बरे वाटते ते गोळीमुळेच. दुसऱ्याची गोळी आपण घेऊ नका.

उसाच्या पाण्याची पाळी आपण चुकवत नाही, कारण चुकली तर फड वाळतो हे डोळ्यांना दिसते. अंगातली पाळी चुकलेली दिसत नाही, एवढाच फरक. आपल्या घरात झटका येऊन गेलेले कुणी असेल तर हा अंक खाली ठेवून आधी त्यांच्याजवळ जा आणि विचारा, "आजची गोळी घेतली का?"