चिमणी चांगली की वाईट?

आमची नात तिसरीत आहे. परवा शाळेतून आली ती गाल फुगवूनच. चाचणीत प्रश्न होता : ‘चिमणीचा स्वभाव कसा होता?’ तिने लिहिले, ‘निष्ठुर.’ बाईंनी त्यावर लाल फुली मारून शेजारी ‘उद्योगी’ असे लिहिले होते.

मी आजोबांच्या थाटात समजावू लागलो, “अगं, चिमणीने खपून मेणाचे घर बांधले. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून गेले. मग चिमणी उद्योगीच, नाही का?”

“हो, पण आजोबा, कावळा दाराशी भिजत होता ना! बाळाची अंघोळ नंतर केली असती तर? आधी दार उघडायचं!”

मी गप्प झालो. इतकी वर्षे ही गोष्ट सांगत आलो, पण दाराबाहेर भिजणाऱ्या कावळ्याचा विचार कधी मनात आला नव्हता.

मग आम्ही गोष्ट पुन्हा वाचली. नियम एकच : स्वभाव सांगायचा, तर तो दाखवणाऱ्या कृतीवर बोट ठेवायचे. उद्योगी? मेणाचे घर. निष्ठुर? बंद दार. दोन्ही शब्द टिकले. ‘कावळा रडका’ हे मात्र टिकले नाही. पावसात एकदा आलेले रडू म्हणजे काही स्वभाव नव्हे.

नंतर साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ काढली. पोहायला भिऊन श्याम लपतो. आई त्याला मारून विहिरीवर धाडते आणि पोहून आल्यावर मायेने दही देते. आई कठोर की प्रेमळ? श्याम भित्रा की धीट? नात म्हणाली, “आधी भित्रा, मग धीट. आणि आई दोन्ही!”

पालकहो, मुलांना गोष्टीतले माणूस ओळखायला शिकवायचे, तर तीनच प्रश्न विचारावेत : त्याने काय केले? का केले? शेवटपर्यंत तो तसाच राहिला का?

एवढे सांगून मी निवांत झालो, तोच नातीने विचारले, “मग आपण दादाला धांदरट का म्हणतो? आजीचं औषध तर तो रोज वेळेवर देतो.”

बोट ठेवायला कृती होती. मला उत्तर सुचेना. त्या दिवसापासून आमच्या घरात तो शब्द बंद झाला आहे.